दहावी तोफ

संस्थान एवढंसं. सकाळी घोड्यावर बसलेला माणूस जेवणवेळेला सीमेबाहेर. पण नऊ तोफांच्या सलामीचा मान होता, आणि गोऱ्यांच्या अमलात राजाची पत तोफांवरच ठरायची. एक कमी झाली तर अपमान, एक जास्त झाली तर आगाऊपणा.

त्या नऊ उडवायचं काम आमच्या तोफवाल्याचं. तिशीतच त्याचे कान गेले होते. बार झाल्याचं त्याला तळपायांना कळायचं, म्हणून तो अनवाणीच उभा राहायचा. डाव्या खिशात नऊ खडे. बार झाला की एक उजव्या खिशात. बायको म्हणायची, "घरात चार हाका मारल्या तरी ओ नाही, आणि म्हणे सरकारचा मान यांच्या हातात!"

रेसिडेंट साहेब आला त्या दिवशी बुरुजावर चिखल होता. सातव्या बाराला पाय घोट्यापर्यंत त्यात रुतले, त्यांना काही जाणवलं नाही, आणि आधीच्या धुराने समोरचं दिसेना. बार फुसका गेला असं समजून त्याने खडा परत डाव्या खिशात टाकला. सलामी संपली आणि साहेब लालबुंद होऊन राजेसाहेबांसमोर दहा बोटं नाचवायला लागला. सातवा बार फुसका नव्हता, हे तोफवाल्याला तेव्हा कळलं. राजेसाहेबांनी त्याला खुणेनेच विचारलं, किती? त्याने नऊ बोटं दाखवली.

"नऊच. माझा माणूस खोटं बोलत नाही," असं राजेसाहेबांनी साहेबाला सांगितलं, हे त्याला मागाहून कळलं. साहेबाला माफीचा कागद हवा होता आणि तोफवाला तुरुंगात. दोन्ही मिळालं नाही. वर्षाच्या आत राजेसाहेबांची गादी गेली. त्यांना दूरच्या शहरात नेऊन ठेवलं, आणि तिथेच म्हातारे होऊन ते वारले.

तोफवाल्याची मात्र सुटका नव्हती. रोज सकाळी, सलामीच्या वेळेला, घरच्या फरशीवर त्याचे तळपाय हादरायचे. एक, दोन, करत करत नऊ. मग तो भिंत धरून दहाव्याची वाट बघायचा, आणि तो यायचाच. तीस वर्षं! बायकोलाही त्याने खरं सांगितलं नाही. ती बिचारी "आमच्या माणसाने नऊच उडवल्या" म्हणून पाणवठ्यावर भांडून यायची.

एक दिवस राजेसाहेबांची मुलगी दारात आली.

"काका, बाबांचा निरोप आहे."

"काय?"

तिने पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा "काय?" केलं. शेवटी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती अशी ओरडली की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

"बाबांनी मोजल्या होत्या! दहा होत्या! म्हणाले, त्याला सांग, मला तेव्हाच माहीत होतं! लेकरंबाळं होती त्याची, घाबरला होता तो!"

बायको उंबऱ्यात उभी होती. तिने पाणवठ्याला न्यायची घागर खाली ठेवली, एवढं त्याला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अनवाणी फरशीवर उभा राहिला. पाय हादरले नाहीत, एकदाही नाही. भीती कुठल्या कुठे गेली होती. आता नुसती लाज उरली होती, आणि दुपार झाली तरी तो तिथून हलला नाही.