चार महिने ओढलेला हँडब्रेक

गाडी विकायची की ठेवायची, यावरून तुमच्या बाबाचं आणि माझं भांडण सुरू झालं तेव्हा तुम्ही दोघं नातवंडं सुट्टीला इथेच होतात. मे महिना होता आणि तुम्ही दिवाणखान्यात तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत होतात. बाबाचं म्हणणं होतं की बहात्तराव्या वर्षी, एकटीने, रत्नागिरीच्या चढ-उतारांवर गाडी चालवायची काय गरज आहे? रिक्षा आहेत. माझं म्हणणं असं की रिक्षा मला हवी तेव्हा नसते, आणि असते तेव्हा रिक्षावाल्याला माझ्या दिशेला जायचं नसतं. मासळी, दवाखाना, वाचनालय, सगळं मी माझ्या वेळेने करते. ती वेळ मला दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही.

शेवटी तडजोड झाली. दसऱ्याला पूजेच्या वेळी गाडी पहिल्या झटक्यात निघाली तर विषय बंद. नाहीतर दिवाळीआधी विकायची. मी लगेच हो म्हटलं.

आणि जूनमध्ये गाडी शेडमध्ये नेऊन ठेवली.

मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटलं होतं. पावसात इथे खड्डा कुठे आणि डबकं कुठे ते कळत नाही. समोरचे भर दुपारी प्रखर दिवे लावून येतात, मोटारसायकलवाले डावीकडून घुसतात आणि वर आपल्याकडेच रागाने बघतात. अशा रस्त्यावर गाडी झिजवायची कशाला? मी पुस्तिका वाचून बॅटरीची तार काढली, टायरमध्ये हवा भरून घेतली, कव्हर घातलं, चारी बाजूंनी दोरीने बांधलं. शेडला उतार आहे, म्हणून हँडब्रेक दोन्ही हातांनी वर ओढला. चार महिने रिक्षाने फिरले. नाक्यावरचा रिक्षावाला दर वेळी विचारायचा, "गाडी बंद पडली काय, आजी?" मी दर वेळी सांगायची, "बंद नाही. जपून ठेवली आहे." त्याच्या चेहऱ्यावरून त्याला फरक कळलेला दिसत नसे.

दसऱ्याच्या सकाळी कव्हर काढलं, बॅटरीची तार परत जोडली. गाडी कोरी करकरीत दिसत होती. झेंडूचा हार घातला, आणि तुमच्या आजोबांच्या रीतीप्रमाणे पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चिरडून गाडी पुढे गेली की पूजा पुरी होते. तुम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर, फोनच्या पडद्यावर होतात. फोन मी कठड्यावर नीट टेकवला, किल्ली फिरवली, आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी बाबाकडे विजयी नजरेने पाहिलं.

"आता पुढे घे, आई," तो म्हणाला.

गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी दबली आणि बंद पडली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. हँडब्रेक खाली होता, मी तीनदा तपासला. हार हलत होता, धूर निघत होता, आणि लिंबू जागच्या जागी गोल.

तेवढ्यात धाकटीचा आवाज आला, "आजीची निळी बाटली परत भरलेलीच राहिली!"

मला झोंबलं ते हे. धाकटे, मे महिन्यात तू मला त्या गेममध्ये बसवलं होतंस. पडद्याच्या कोपऱ्यात एक निळी बाटली भरत जायची. ती वापरली की गाडी सुसाट सुटायची. तू ओरडत होतीस, "दाब ना, आजी!" आणि मी म्हणत होते, "लागेल तेव्हा." मी शेवटची आले, बाटली काठोकाठ भरलेली. तू म्हणालीस, "शर्यत संपली. आता तिचं लोणचं घाल." त्याच दिवशी बाबा गेम किती महागाचा आहे ते ऐकवत होता, आणि तू त्याला म्हणालीस, "मी दोन वर्षं रोज खेळतेय. तुझी ट्रेडमिल किती वेळा चालली?" तेव्हा मी बाबाची बाजू घेतली होती. महागाची वस्तू जपून वापरावी, असं काहीतरी बोलले होते.

"संध्याकाळपर्यंत लिंबू चिरडलं गेलं तर ठीक," बाबा म्हणाला. "नाहीतर ठरल्याप्रमाणे."

मोठ्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथला तरुण गाडी न बघताच म्हणाला, "मॅडम, मागची पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." मी फोन ठेवला. मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. मस्कतच्या गॅरेजमध्ये वीस वर्षं काढून तो परत आलाय, बाजारपेठेमागे त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. जेवणाच्या वेळेला तो आला, मागच्या चाकाशी उकिडवा बसला.

"बाई, हँडब्रेक ओढून ठेवला होतात?"

"अर्थात. उतार आहे."

"कधीपासून?"

"जूनपासून."

त्याने कपाळाला हात लावला. "या दमट हवेत चार महिने! ब्रेकचे गुटके चाकातल्या ड्रमला चिकटून बसलेत, गंजलेत. गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाला जांभ्याचा चिरा लावायचा. आणि आठवड्यातून दोनदा फिरवायची, बाई, पाऊस असला तरी."

"मी तर कव्हरसुद्धा घातलं होतं."

"ते दिसलं." तो हसू दाबत होता. "इंग्रजीच्या वहीला कव्हर नाही म्हणून तुम्ही मला तासभर उभं केलं होतंत. आज गाडीने तुम्हालाच उभं केलं."

मला हसू आलं नाही. त्याने चाक काढून ड्रमवर हातोड्याने ठोकायला सुरुवात केली आणि माझी चिडचिड प्रत्येक ठोक्याला वाढत गेली. सर्व्हिस सेंटरवर, बाबावर, त्याच्या ट्रेडमिलवर. माझ्यावर सर्वांत जास्त. चाळीस वर्षं मुलांना वेळेचा उपयोग करा म्हणून सांगितलं, आणि चालवता येईल की नाही या वादातले चार महिने मी गाडी न चालवता घालवले.

चार वाजता एक चाक सुटलं. दुसरं सुटायला आणखी तासभर गेला. तो म्हणाला, "आता तुम्ही बसा. पुढे-मागे, पुढे-मागे, हळू." मागे घेतली. पुढे घेतली. खालून खाडकन आवाज आला आणि गाडी लिंबावरून गेली. रस माझ्या घराच्या स्वच्छ पायरीवर उडाला. मी फोटो काढून बाबाला पाठवला. त्याने फक्त अंगठा पाठवला. म्हणजे गाडी राहिली.

निघताना माझा विद्यार्थी म्हणाला, "परत जपून ठेवलीत तर मी येणार नाय हां, बाई."

आता रोज सकाळी नेते. मागचे ब्रेक अजून कुरकुरतात, बंपरला चिखल आहे, कव्हर मी रिक्षावाल्याला देऊन टाकलं. काल सीटवरचं प्लास्टिकही फाडून काढलं. गाडी घेतली तेव्हापासून होतं, पार पिवळं पडलं होतं. खालचं कापड निळं आहे. ते मी विसरूनच गेले होते.