पडलेल्याची हळद

बिडकीनच्या रस्त्याला, आमच्या गावाच्या शिवेवर वीराचा दगड आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा लढाईचा. खालच्या चौकटीत एकजण तलवार उगारून उभा, दुसरा जमिनीवर पडलेला. वरच्या चौकटीत त्या पडलेल्यालाच अप्सरा स्वर्गात नेतायत. लढाई कुणाची कुणाशी, ते कुणालाच ठाऊक नाही. आमचं गाव म्हणतं सुलतानाच्या फौजेशी; शेजारचं म्हणतं, गुरं पळवण्यावरून दोन पाटलांत जुंपली. भांडा खुशाल! पण आमच्या भावकीत लग्न निघालं की हळदीतली एक वाटी त्या पडलेल्याला लावायची, हे कधी चुकलं नाही. तो आपला, एवढंच आम्हाला माहीत.

यंदा माझ्या चुलतभावाच्या डोक्यात स्मारक शिरलं. समिती काढली, अध्यक्ष हाच. दगडाभोवती लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, वर 'विजयस्मारक' अशी ग्रॅनाइटची पाटी. आणि कहर म्हणजे ऑइलपेंट! उभा होता तो भगवा, पडलेला काळाकुट्ट. का, तर आपला माणूस पडेलच कसा? अरे, अक्कल गहाण टाकली का? मारणाऱ्यासाठी असला दगड कोण बसवतं? ज्यांच्या घरचा गेला, त्यांनीच तो रडत रडत कोरून घेतला असणार. ह्यांनी मारेकऱ्याला हार घातला आणि घरच्या माणसाला दुश्मन ठरवलं. माझं तर टाळकंच फिरलं.

त्यातच माझ्या धाकट्या भावाचं लग्न आलं. शहरातलं, क्रांती चौकातलं माझं ऑफिस सोडून मी चार दिवस आधीच गावी गेले. हळदीच्या दिवशी आई वाटी घेऊन निघाली, मी तिच्यामागं. जाळीपाशी अध्यक्ष उभेच.

"काकू, त्याला नाय लावायची. दुश्मन हाये त्यो. उभ्याला लावा."

मी तोंड उघडणार, तोच आईनं मला हातानं गप्प केलं.

"कुलूप काढ," ती म्हणाली.

"समितीचा ठराव हाये, काकू."

"ठराव घाल चुलीत! तुझ्या लग्नात तुझी माय नव्हती. तुझी हळद घेऊन मीच आले व्हते इथं, अन् ह्यालाच लावली. तवा कोण व्हता रं ह्यो तुझा?"

त्यानं किल्ली काही काढली नाही. आईनं जाळीतून हात घातला. दंडाला खरचटलं, तरी त्या काळ्या कपाळाला पिवळी बोटं लावूनच ती मागं फिरली.

थोडं पुढं गेल्यावर कुलूप उघडल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. तो आत शिरून रुमालानं हळद पुसत होता.