शेरा की जुली?

काश्मीरमध्ये आमच्या बटालियनच्या डॉग सेक्शनला मी हवालदार होतो. पहाटे पाचला केनेल साफ, साडेपाचला कुत्र्यांना मालिश, सहाला रोड ओपनिंग. म्हणजे गाड्यांच्या आधी पायी निघायचं आणि रस्त्यात सुरुंग पुरलाय का, ते कुत्र्याच्या नाकानं शोधायचं.

त्या महिन्यात दोन कुत्री हँडलरविना होती. शेरा, जर्मन शेफर्ड, अंगात नुसती आग. जुली, लॅब्राडोर, चालायला सुस्त पण नाकाची पक्की. त्यातच सिपाही बाळू पोस्टिंगवर आला. लिंबागणेशचा, तेवीस वर्षांचा, डोकं गरम.

"उस्ताद, मला शेरा द्या. जुली म्हातारी हाय."

"जुली तुला शांत ठेवील."

"आपुन एकाच जिल्ह्याचे ना? एवढं बी करायचं न्हाई का?"

तापट माणसाला थंड कुत्रा द्यायचा, हे मला तोंडपाठ होतं. पण मी आष्टीचा. एवढ्या लांब भेटलेल्या गाववाल्याला नाही कसं म्हणायचं? शेरा दिला.

चौथा आठवडा, सकाळी ६.४०. शेरानं ओढ घेतली. अशा वेळी हँडलरनं पाय रोवून कुत्र्याला हळू करायचं असतं. बाळू त्याच्याबरोबर पळत सुटला. मी तीस पावलं मागं.

"बाळू, स्लो! खेच त्याला!"

धमाका झाला. मी उताणा पडलो. लगेच डावीकडच्या सफरचंदाच्या बागेतून फायर आला. सरपटत पुढं गेलो. बाळूचे दोन्ही पाय गुडघ्याखाली नव्हते. शेराचं पोट फाटलं होतं, तरी तो बाळूवर आडवा पडून माझ्यावर दात विचकत होता. रक्त थांबवायला कमरेचा पट्टा काढला, तर त्यानं माझं मनगट फोडलं. दुसऱ्यांदा हात घातला, पुन्हा चावला. मग मी त्याला गोळी घातली. बाळू शुद्धीवर होता. त्यानं ते पाहिलं.

वायरलेसवर कॅम्पला हाक दिली, त्याचं सांकेतिक नाव टायगर. "टायगर, ब्लास्ट. एक कॅज्युअल्टी, सीरियस. फायर चालू. ओव्हर."

"रॉजर. मदत दहा मिनिटांत. होल्ड करा. ओव्हर."

दोन्ही पाय आवळून बांधले. उशीर झाला होता. सातव्या मिनिटाला बाळू गेला.

आता फौज सोडून गावी असतो. परवा आष्टीत पंक्चरवाल्या सलीमभाईनं मोबाइल पुढं केला. "फौजी, हे बेल्जियन कुत्रं बघा. लई भारी. घिऊ का?"

"घरी दिवसभर कोण असतं?"

"बायको अन् दोन लेकरं. मी दुकानावर."

"मग त्याला रोज दोन तास पळवणार कोण?"

"साखळी हाय की."

माझी सटकली. "थोबाड बघून कुत्रं घेतो का बे? बांधून ठेवलेलं ते पिसाळल्यागत करील, लेकराचा लचका तोडील! तुझ्या घराला शांत गावठी पिल्लू बास झालं. लेकरांना आधी त्याच्याशी खेळू दे, मग आण."

"एवढं कावून तापता?" सलीमभाई हिरमुसला.

मी त्याला शेराचं सांगितलं नाही. बाळूच्या आईलाही सांगितलं नव्हतं. धमाक्यानंतर लगेच सुट्टीवर आलो तेव्हा तिला भेटायला लिंबागणेशला गेलतो. तिनं चहा केला, माझ्या मनगटावरचे टाके बघितले. मग विचारलं, "माज्या बाळूला ते कुत्रं कुनी दिलतं?"

"साहेबांनी."

"तुमी व्हता ना तितं? तुमाला इचारलं न्हाई त्यांनी?"

"न्हाई मावशी," मी म्हणालो. खरं सांगायची छाती झाली नाही.