द्रौपदीचा कोट

माझ्या गाजलेल्या सगळ्या भूमिका तराजूच्या एका पारड्यात टाका आणि दुसऱ्यात द्रौपदीचा कोट ठेवा. कोटच जड भरेल. हे लिहिताना आजही माझा जळफळाट होतो.

द्रौपदी आमच्या लीड्सच्या एका हॉस्पिटलात सिस्टर होती. नवरा तरुणपणीच गेलेला. सुट्टी मिळाली की मराठी घरांमधून बाळंतपणं करत फिरायची. कधी मँचेस्टर, कधी थेट ग्लासगो. एकटीच! सोबतीला नवऱ्याचा काळा ओव्हरकोट. गाडीत शेजारच्या सीटवर कोट ठेवायचा, त्यावर त्याची टोपी, समोर दोन चहा. बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थ जरा उठून गेलेत. मॅचहून पिऊन परतणारी टोळकीसुद्धा त्या सीटकडे बघून पुढे सरकायची.

एक शब्द न बोलता बाईने नवरा उभा केला होता! आम्हाला तेवढ्यासाठी तीन अंक लागायचे. वर ती ऐटीत सांगायची, "माझा माणूस जिवंतपणी एवढा कामाला आला नाही, ताई."

पण माझं खरं दुखणं वेगळंच होतं. माझी लेक उल्का लंडनच्या पलीकडे बेसिंगस्टोकला, पहिलटकरीण. मी फोनवर म्हटलं, "मी येते."

"आई, तू एकटी? लंडनला जायचं म्हणून न्यूकासलच्या ट्रेनमध्ये बसली होतीस! मी द्रौपदीमावशीला ऑलरेडी विचारलंय."

माझ्या नातवंडाला पहिली अंघोळ द्रौपदी घालणार! त्या आठवड्यात घरातलं एकही भांडं मी हळू ठेवलं नाही.

आणि नेमकं उल्काचं पोट तारखेच्या आधीच दुखायला लागलं. द्रौपदीची ड्यूटी होती, आमच्या डॉक्टरांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, ऑपरेशनं होती. मी बॅग भरली. ड्यूटीवर जाता जाता द्रौपदी स्टेशनवर आली, मला योग्य गाडीत बसवलं आणि कोट माझ्या अंगावर टाकला.

"कोट ठेवायचा आणि गप्प बसायचं, ताई. कोणी विचारलंच तर दाराकडे बघायचं. बास."

"अभिनय मला शिकवतेस होय गं?"

"तुम्ही नटी आहात, म्हणूनच सांगतेय."

डोनकास्टरपर्यंत कोट शेजारच्या सीटवर ठेवून मी गप्प होते. तिथे समोर एक इंग्रज आजीबाई येऊन बसल्या. कोटाकडे बघून हसल्या. मी दाराकडे बघितलं. अहो, समोर प्रेक्षक बसलेला आणि मी नुसती दाराकडे बघू? मी उसासा टाकला. सांगितलं, माझे मिस्टर रिटायर्ड ब्रिगेडियर आहेत, हृदयाचं दुखणं आहे, मघाशी टॉयलेटला गेले ते अजून आले नाहीत. आजीबाईंचे डोळे भरून आले. मला हुरूप आला. मीही डोळे भरले.

तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. मी तोंड उघडण्याआधीच आजीबाई उठून ओरडल्या, "या बाईंचे मिस्टर आत कोसळलेत!"

तो धावला. दार बडवलं. डब्यातली माणसं उभी राहिली. आतून एक घाबरलेला, दाढीचा साबण अर्ध्या गालावर राहिलेला गोरा गृहस्थ बाहेर आला. आजीबाईंनी त्याचा हात धरून त्याला माझ्यासमोर आणून बसवलं.

"हे माझे नव्हेत," मी म्हटलं.

"मग कोट कोणाचा?" तपासनीसाने विचारलं.

मी कोट अंगात घातला. बाह्या हातांच्या खाली लोंबत होत्या. "माझा," म्हटलं. सगळा डबा हसला, बिचारे गृहस्थही. पुढे लंडनमध्ये त्यांनीच मला बेसिंगस्टोकची गाडी सुटते त्या वॉटर्लू स्टेशनच्या बसमध्ये बसवून दिलं.

अंगातला कोट बेसिंगस्टोकच्या हॉस्पिटलापर्यंत काढलाच नाही. द्रौपदीच्या ओव्याचा वास येत होता त्याला. उल्का डोळे मिटून कण्हत होती. कोटाची बाही तिच्या हाताला लागली.

"मावशी, आलात?" ती म्हणाली. आवाजात इतका जीव आला, की माझ्या काळजावर निखारा ठेवावा तसं झालं.

पण आत्ता तिला द्रौपदी हवी होती. मी खांदे ताठ केले, द्रौपदीचा घोगरा आवाज लावला. "आले गं माझी बाय. आता घाबरायचं नाही. श्वास घे."

उल्काने श्वास घेतला. मग एक डोळा उघडला.

"आई, किती ओव्हरॲक्टिंग!"

आणि माझं बोट जे घट्ट धरलं, ते बाळ रडेपर्यंत सोडलं नाही.