अंगठ्याच्या जागा

कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. वजनकाट्यांचे सर्किट बोर्ड बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात ती लग्नानंतर लगेच लागली आणि पट्ट्याने बांधलेलं भिंग तेव्हापासून तिच्या कपाळावर जे बसलं, ते बसलंच. एकदा तशीच घरी गेली, तर नवरा म्हणाला, "माझे दोष शोधायला एवढी तयारी कशाला? ते तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात."

तिचं काम तपासणीचं. बोर्डावर धातूचे बारीक चौकोन असतात, त्यांना पॅड म्हणतात. सुटे भाग जोडणारं वितळलेलं सोल्डर पॅडच्या कडेपर्यंत सपाट पसरलं की सांधा पक्का. गोळा होऊन बसलं, तर तो सांधा आज ना उद्या दगा देणार.

एका थंडीत सोल्डर धरेचना. अळवावरच्या पाण्यासारखे थेंब आक्रसून गोळा व्हायचे. इंजिनिअर चिकाटीचा माणूस. एकेक शक्यता खोडत गेला. भट्टीचं तापमान मोजलं, ते बरोबर होतं. पॅडवरचा गंज काढणाऱ्या फ्लक्सचा नवा डबा फोडला, तरी तेच. हवा लागून बोर्ड खराब झाले म्हणावं, तर पाकिटं ताजी, सीलबंद आलेली.

"बाई, माझी अक्कल संपली," तो म्हणाला.

"संपली नाही, दमलीय. चहा घ्या," असं म्हणून तिने बाद झालेले सगळे बोर्ड टेबलावर ओळीने मांडले. मधले पॅड चांगले होते. खोट होती ती डाव्या कडेला आणि उजव्या कडेला, नेमकी तिथेच. तिने एक बोर्ड ताट धरावं तसा उचलला. तिचे दोन्ही अंगठे बरोबर त्या जागांवर आले. जेवणाच्या सुट्टीनंतरच्या बोर्डांत खोट जास्त होती, हेही तिच्या लक्षात आलं.

पाकिटं फोडून बोर्ड रॅकमध्ये लावायचं काम तिच्या धाकट्या जावेचं. भिंगबाईनेच शब्द टाकून तिला कामावर लावलं होतं. दोघी एकाच घरात, एकाच ओट्यावर. भांड्याला भांडं लागायचंच. जाऊ मनाने चांगली, पण राग नाकावर. म्हणून भिंगबाई इंजिनिअरला काही न बोलता आधी तिच्याकडे गेली.

"हात दाखव बघू."

"कशाला? भविष्य सांगता की काय?"

तळवे गुळगुळीत लागले. "काय लावतेस गं हाताला?"

"क्रीम. भेगांतून रक्त यायला लागलं होतं. जेवून हात धुतले की लावते. का? कुणी तक्रार केली?"

"बोर्डांना ती लागतेय बहुतेक. म्हणून सोल्डर धरत नाही."

जावेचा चेहरा आधी उतरला, मग तापला. "म्हणजे सगळं खापर माझ्या माथी? आणि ती डबी दिली कुणी? तुम्हीच ना, ताई?"

खरंच होतं. भेगा बघवल्या नाहीत म्हणून आपल्या कपाटातली डबी भिंगबाईनेच काढून दिली होती.

डबी गुपचूप घरी न्यावी, खोट आपोआप थांबेल, असं तिच्या मनात आलंही. पण रॅकभर बोर्ड आधीच हाताळलेले होते. ती डबी घेऊन थेट इंजिनिअरकडे गेली.

"साहेब, चोर सापडला. माझ्याच घरचा आहे. डबीही माझीच."

त्याने डबीवरचा मजकूर वाचला. "सिलिकॉन आहे यात, त्यावर सोल्डर धरत नाही. पण खात्री करून घेऊ. जाऊबाईंनाही बोलवा."

बोलणी खायला लागणार, या समजुतीने जाऊ तोंड पाडून आली. इंजिनिअरने हातमोजे घालून नवं पाकीट फोडलं. एक बोर्ड तसाच ठेवला, दुसऱ्यावर जावेला धुतलेला अंगठा टेकवायला लावला, तिसऱ्यावर क्रीम लावलेला. पहिल्या दोन्ही बोर्डांवर सोल्डर छान पसरलं. तिसऱ्यावर थेंब आक्रसला. भिंगबाईने कपाळावरचं भिंग काढून जावेच्या डोक्याला बांधलं.

"अगं बाई! हे तर पॅडपासून पळतंय!" जाऊ रागवायचंच विसरली.

तो थर साध्या स्पिरिटने निघेना. खास द्रावण मागवून बोर्ड धुतले. बरेचसे वाचले, काही भंगारात गेले. मालक कुरकुरले तेव्हा इंजिनिअर म्हणाला, "हातमोजे द्यायचं काम माझं होतं. यांना कुणी सांगितलंच नव्हतं." त्या दिवसापासून सगळ्यांना हातमोजे आले.

घरी मात्र अबोला. जाऊ वाढायची, पण ताट आदळून. भिंगबाईनेही मनधरणी केली नाही. मग एका संध्याकाळी भांडी घासता घासता जावेनेच विचारलं, "ताई, पण ते पसरतं कसं हो?"

भिंगबाईने एका स्वच्छ ताटलीवर आणि एका तेलकट ताटलीवर पाणी शिंपडून दाखवलं. जाऊ बराच वेळ बघत राहिली. मग रोज काही ना काही विचारू लागली.

पुढच्या वर्षी तिला सोल्डरिंगच्या टेबलावर बसवलं. हात पहिल्यापासून स्थिर निघाला. तरी भिंगबाई तिचेच बोर्ड सगळ्यांत जास्त वेळ भिंगाखाली धरते आणि एखादा परत पाठवते. मग जाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "घरी चला, तुमच्या पोळ्या तपासते!"