काळ्या कोपऱ्यातला माणूस

आमच्या कन्नड गावच्या शाळंत मी अभ्यासापेक्षा मास्तरांच्या नकलाच जास्त शिकलो. पुढं औरंगाबादच्या एका जुन्या शाळंत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो. नामांतराच्या मोर्चांचे दिवस. सकाळी चिखलठाण्याच्या कारखान्यांचे भोंगे, दुपारी रस्त्यावर घोषणा. विद्यापीठाच्या नावावरून आमच्या स्टाफरूममधी बी दोन तट पडलेले. चहा एकाच किटलीतला, पण बाकडे वेगळे. मी मधी उभा राहून हेडसरांची नक्कल करायचो. "आपण... शिस्त... पाळू या," म्हणायचं अन् चष्मा काढून पुसत बसायचं. दोन्ही बाकडे हसायचे. एक दिवस हेडसर दारातच उभे.

"पुन्हा नक्कल दिसली तर कन्नडची एसटी धरायची," ते म्हणले.

शाळेच्या हॉलमधी निजामाच्या काळातलं एक भलंमोठं तैलचित्र होतं, शाळा उघडली त्या दिवसाचं. मधी शेरवानीतले पहिले हेडमास्तर, बाजूला मास्तर लोक, पोरं. अन् उजवा कोपरा तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट. शाळेचा महोत्सव जवळ आला तसा हेडसरांनी हुकूम सोडला, "तिथं एक गुलमोहर काढून टाका. काळं बरं दिसत नाही."

मी रंग घेऊन शिडीवर चढलो. खालून शिपाईमामांनी शिडी धरली अन् म्हणले, "सर, झाड नका काढू. तिथं माझा बाप हाय."

"कुठं?"

"त्या काळ्यात. ह्याच शाळंत टोल द्यायचा त्यो. मी लहानपणी बघितलाय चित्रात. घरात त्याचा एक बी फोटो नाय, सर. औंदा मी रिटायर होतो. त्याच्या आधी एकदा बघू द्या."

मी खाली उतरलो. हेडसरांना म्हणलं, जुनं चित्र हाय, माझा हात लागून बिघडलं तर? लेण्यांवर चित्रं साफ करायला एक बाई येतात, त्यांना दाखवू. हेडसरांनी आठ दिवस दिले.

बाई आल्या. काडीला कापूस गुंडाळला, तोंडात ओला केला अन् कोपऱ्यावर फिरवला.

मामा दचकले. "बाई, बापाला थुंकी?"

"वरची धूळ काढायला याच्यापेक्षा चांगलं औषध नाही, मामा." मग त्यांनी कापूस हुंगला. "याला तेल कोणी लावलंय?"

"मीच!" मामा छाती काढून म्हणले. "तीस वर्षं झाली. खंडेनवमीला शाळंतलं सगळं सामान पुसून बाहेर काढायचं. बाकीचे टोलाला हळदकुंकू वाहायचे. आम्ही दीक्षा घेतलेली, मी पूजा करत नाय. पण बापाला करडईचं तेल द्यायचो, चोळून चोळून. चमकला पाहिजे ना त्यो."

बाईंनी काडी खाली ठेवली. "मामा, त्या तेलानंच तो काळा झालाय. तेलावर धूळ, धुळीवर पुन्हा तेल."

मामा स्टुलावर बसले ते उठंचनात. माझ्या जिभेवर एक जोक आला होता. गिळला.

मग बाईंनी उग्र वासाचं औषध काढलं. रोज वीतभर जागा. पहिल्या दिवशी एक पायताण निघालं. मग धोतर. मग पितळी टोल अन् हातोडी धरलेला हात. मामा दर तासाला टोल देऊन पळत यायचे. "कुठवर आला?" सातव्या दिवशी बाई गळ्यापाशी थांबल्या. वर नुसतं कापड दिसत होतं. चोळून चोळून रंगच निघून गेलेला.

"चेहरा राहिला नाही, मामा."

"म्हंजी मीच पुसला त्याला," मामा म्हणले.

हेडसर आले. बघितलं. "हे तुमचे वडील कशावरून? कोणीही असेल. अन् बिनचेहऱ्याचा माणूस कसा दिसतो? झाडच काढा."

मी चित्राकडं बघतच राहिलो. डावा हात पाठीमागं, उजवी टाच उचललेली, मान कलती, जसा काय टोल काहीतरी उत्तर देणार हाय. टोल देणाऱ्या मामांचं हेच ध्यान तर मी नळावर पोरांना रोज करून दाखवायचो!

"सर, एक नक्कल करू का? मग वाटलं तर कन्नडची एसटी."

हेडसर काही बोलायच्या आत मी उभा राहिलो. हात मागं. टाच वर. मान कलती. बाईंनी चित्राकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग मामांकडं. हेडसरांनी बी.

मामा स्टुलावरनं म्हणले, "टाच अजून थोडी वर, सर. बाप म्हणायचा, टोल हातानं नाय, टाचंनं वाजतो."

हेडसरांनी चष्मा काढला अन् लई वेळ पुसला. अगदी माझ्यासारखाच.

"झाड नको," ते म्हणले. "चित्राखालच्या पट्टीवर बाकी सगळ्यांची नावं आहेत. वडिलांचं सांगा."

मामांनी उभं राहून सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. मी बारीक ब्रशनं पट्टीवर लिहिलं. बाईंनी चेहरा काढला नाही. जे गेलं ते आपण मनानं घालायचं नसतं, म्हणल्या. तिथं नुसता मातकट रंग भरला. त्या दिवशी शाळा दहा मिनिटं उशिरा सुटली, कारण टोल द्यायचं मामा विसरूनच गेले.

ते रिटायर झाल्यावर नवा शिपाई आला. सपाट पायावर उभा राहून टोल द्यायचा, आवाज बसका निघायचा. एक दिवस मी त्याला हॉलमधी नेलं, चित्रापुढं उभं केलं अन् म्हणलं, "बघ. आता टाच उचल."