हातापुरती बाई

खिडकीच्या गजातनं एक हात बाहेर यायचा. दंडापर्यंत. सरपंचाच्या सुनेचा, शालनचा. पाचवा महिना लागलेला तिला.

मी बाहेर अंगणात उभी. त्या दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबायचा, पारा बघायचा, आकडा वहीत लिहायचा. पट्टा सोडला की आतनं सासूचा आवाज यायचा. "धू गं त्यो हात." मग पाण्याचा आवाज. मी अजून मशीन पेटीत भरतच असायची.

मी महारवाड्यातली. सातवी पास, दोन लेकरांची आई. शाहूवाडीकडच्या आमच्या डोंगरी गावांत एका संस्थेनं गरोदर बायकांसाठी काम सुरू केलं, तेव्हा मला निवडलं. सहा महिने शिकवलं. मशीन मिळालं त्या दिवशी मी सगळ्या वस्तीचं बीपी तपासलं. म्हाताऱ्यांचंसुद्धा. एवढा आनंद.

आणि मग ही खिडकी.

दर महिन्याला कोल्हापुरातनं आमच्या सिस्टर यायच्या, वह्या तपासायच्या. त्यांनी विचारलं, "या घरच्या बाईचं पोट तपासलेलं का नाही? पायावर सूज आहे का, तेही लिहिलेलं नाही."

मी सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "जमवून घे गं. मोठं घर आहे. ते आले तर बाकीचे येतील."

सासूनं हात धुवायला लावला, त्यापेक्षा हे जास्त लागलं. ह्या सिस्टरनीच मला शिकवलं होतं, की बाई तपासायची तर डोक्यापासून पायापर्यंत.

आठव्या महिन्यात हात बाहेर आला तो ओळखू येईना. बोटं सुजलेली. बांगड्या मांसात रुतलेल्या. पारा एकशेसाठला. पुन्हा बघितलं. तेवढाच.

"शालन, डोकं दुखतंय?"

"लई. कालधरनं."

मी सासूला म्हटलं, "वैनी, पाय बघायचं हाईत, पोट बघायचं हाय. दार उघडा."

"पाय कशाला? हात दिलाय की."

माझ्या कानात गरम झालं. चार महिने गिळलेलं सगळं वर आलं.

"हातापुरती बाई मी तपासत न्हाय. आख्खी बाई दाखवायची आसंल तर दार उघडा."

"लई त्वांड वर करून बोलायला लागलीस. कुठं उभी हाईस ते बघ आधी."

हे घर मनात आणलं तर माझ्या नवऱ्याला गावात काम मिळणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि निघून गेले तर आत पोरगी मरंल, हेही. मी निघाले नाही. गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "हिच्या जिवाला धोका हाय! आजच्या आज कोल्हापूरला न्या! नेलं न्हाय तर मी गावभर सांगीन, सांगूनबी नेलं न्हाय म्हणून!"

शेजारच्या बायका दारात आल्या. तेवढ्यात कडी वाजली. शालननं आतनं स्वतःच दार उघडलं होतं. भिंतीला धरून उभी. "आत्ती, मला नीट दिसंना झालंय."

ती उंबऱ्यावर बसली. मी तिच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना.

घरच्यांनी भाड्यानं वडापची जीप आणली. सासू म्हणाली, "तू एसटीनं ये मागनं." शालननं माझा पदर सोडला नाही. मी तिच्या शेजारी, सीटवर बसले. कोल्हापुरात ऑपरेशन झालं. मुलगी झाली. दोघी जगल्या.

बारशाचं बोलावणं आलं. "मागच्या दारानं ये, साडी देत्यात."

मी गेले नाही. सिस्टरना सांगितलं, "आता मी कुणाच्या खिडकीत उभी ऱ्हाणार न्हाय. मंगळवारी आमच्या समाजमंदिरात बसीन. ज्यांना तपासायचंय त्यांनी यावं."

"काम बुडेल," त्या म्हणाल्या.

तीन महिने फक्त आमच्याच बायका आल्या. माझं मन खात होतं. वरच्या गल्लीतल्या एखादीचं काही झालं तर? चौथ्या महिन्यात शालन आली, पोर काखेत. चटईवर बसली. मग तिची जाऊ. मग बाकीच्या.

पुढं संस्थेचं काम बंद झालं. मंगळवार चालूच राहिला. आता सासवाच सुनांना घेऊन येतात. "हिचं पाय सुजल्यात, बघ बाई." शिकलेलं गावात राहिलं.

मग सरकारनं गावोगाव आरोग्याच्या कामाला एक बाई नेमायची ठरवली. ग्रामसभेत सरपंच म्हणाला, "सगळ्या घरात चालणारी बाई पायजे."

मी उठले. "हितल्या निम्म्या घरातल्या बाळंतिणी मी तपासल्यात. मी चालत न्हाय असं ज्याला वाटतंय त्यानं उभं ऱ्हावं. नाव सांगून बोलावं. ग्रामसेवक लिवून घेतील."

कुणी उठलं नाही. नेमणूक मात्र सरपंचाच्या पुतणीची झाली.

मी तालुक्याला तीन अर्ज केले. उत्तर नाही. चौथा लिहिलाय.

पुतणी माझ्याकडं शिकायला आली. पोरगी बरी आहे. पण आमच्या वस्तीवरच्या बाईला तपासताना दोन हात लांब बसली. मी तिला तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं, "जवळ सरक. हिच्या पोटाला हात लाव. न्हाय लावलास तर ह्या गावात तुला मी काम करू देणार न्हाय."